एकाच ताग्यातली दोन कव्हरं

दोन दिवसांचे कपडे आणि बत्तीस वर्षं सांभाळलेलं एक पुस्तक घेऊन मी नगरहून निघालो. मनमाडला नागपूरची गाडी पकडली, वरच्या बर्थवर चढलो आणि पिशवी उशाशी घेऊन पडलो. निघताना बायको म्हणाली होती, "पुस्तक परत द्यायला चाललाय की कोर्टात हजर व्हायला? चेहरा बघा जरा आरशात." तिचं बरोबरच होतं. मी मूळचा भित्रा माणूस. देवाला भ्यायलो नसेन इतका मी गुरुजींना भ्यायलो आहे.

ग्रंथपालाचा अभ्यासक्रम करायला मी नागपुरात वर्षभर होतो, तेव्हा गुरुजींच्या घराची बाहेरची खोली मला भाड्याने मिळाली होती. गुरुजी मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये प्रवचन करायचे. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. मला तेव्हा दोनच वेडं होती, पुस्तकं आणि रॉक. धरमपेठेतल्या एका दुकानातून कॅसेटी भरून आणायच्या आणि टेपरेकॉर्डरचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं. गुरुजी दारात येऊन उभे राहायचे. "हे काय ढणढण लावून राहिला गा? देवाले बहिरं समजला का?"

आता हसू येतं, पण तेव्हा मला खरंच वाटायचं की हा म्हातारा अन्याय करतोय. (म्हातारा कसला, माझ्या आजच्या वयाचा होता!) मला त्या गिटारच्या किंकाळीत आणि शास्त्रातल्या (म्हणजे आमच्या बायबलातल्या) स्तोत्रांत एकच माणूस ऐकू यायचा. स्तोत्रं लिहिणारे देवाशी गुळमुळीत बोलत नाहीत. रडतात, भांडतात, जाब विचारतात आणि शेवटी त्याच्याच दारात बसून राहतात. म्हणून आईने दिलेल्या पवित्र शास्त्राच्या प्रतीत, स्तोत्रांच्या ओळींवर, मी पेन्सिलीने गिटारचे कॉर्ड लिहून ठेवत असे. आणि एकदा गुरुजींचं प्रवचन तासाच्या पुढे गेलं, तेव्हा समासात लिहिलं, 'गुरुजींचं प्रवचन : निद्रानाशावर खात्रीचा उपाय.' कॉर्ड ठीक होते. हे लिहायला नको होतं.

त्या नाताळात चर्चच्या महिला मंडळाने मरून रंगाच्या कापडाचा एकच तागा आणून सगळ्या मंडळींच्या शास्त्रांना कव्हरं शिवली होती. सगळी हुबेहूब, नाव कुठेच नाही. रोज संध्याकाळी घरची प्रार्थना झाली की गुरुजींचं आणि माझं पुस्तक फळीवर शेजारी शेजारी असायचं. परीक्षा संपली त्या सकाळी माझं गुरुजींशी टेपवरून पुन्हा वाजलं. मी तणतणत फळीवरचं पुस्तक उचललं, पिशवीत कोंबलं आणि स्टेशन गाठलं. बडनेरा गेल्यावर उघडून पाहतो तर आत गुरुजींचं अक्षर!

पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्या घरच्यांची नोंद होती. आमच्या ख्रिस्ती घरांतून ही रीतच आहे. लग्न, जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू, सगळं शास्त्राच्या पहिल्या पानावर लिहायचं. म्हणजे त्यांच्या घराचं पान माझ्याकडे आलं, आणि आईच्या हातची आमच्या घराची नोंद राहिली त्यांच्याकडे. वर ते 'निद्रानाशावर'! महिन्याभराने गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. 'पुस्तक बदललं आहे. सवडीने येणे.' मी उत्तर दिलं नाही. काय तोंडाने देणार? आज लिहू, उद्या लिहू करत मी संसारी झालो.

पण ते पुस्तक मी रोज वाचलं. त्याच्या समासात गुरुजी देवाशी बोलायचे. 'सुलभाला ताप. सांभाळ.' एका अवघड उताऱ्याशेजारी, 'हे कळलं नाही. तरी तुझ्यावर भरवसा.' आणि एका ठिकाणी, 'बाहेरच्या खोलीतल्या पोट्ट्याचं संगीत सोसवत नाही. त्याला सुखी ठेव. मला धीर दे.' मी समासात त्यांची टिंगल करत होतो, तेव्हा ते समासात माझ्यासाठी प्रार्थना करत होते. माझा जो काही विश्वास आज शिल्लक आहे, तो त्या समासांनी तगवला आहे.

मागच्या महिन्यात गुरुजींच्या मुलीने, सुलभाने, कुठल्या कुठल्या मंडळींच्या ग्रुपांतून माझा नंबर शोधून निरोप पाठवला. 'प्रमोददादा, बाबांना आता दिसत नाही. अठ्ठ्याऐंशी झाले. त्यांचं पुस्तक एकदा हातात धरायचं म्हणतात. जमेल का?' न जमून सांगतो कुणाला!

सकाळी नागपूर. थंडी अशी की नाक जागेवर आहे की नाही, हात लावून बघावं. स्टेशनबाहेर एका गाड्यावर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर चिवडा आणि सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि बत्तीस वर्षांपूर्वीचा नागपूरचा सगळा हिवाळा परत आला. आनंदाच्या भरात ऑटोत बसलो आणि थेट मिशन कंपाउंडच्या फाटकाशी उतरलो. खांद्यावर कपड्यांची सॅक होती. पुस्तकाची पिशवी नव्हती.

बत्तीस वर्षं जपलेलं पुस्तक मालकाच्या दारात येऊन हरवावं, याला काय म्हणावं? त्याच ऑटोने उलटा फिरलो. वाटेत मी अशी प्रार्थना केली की ऑटोवाला आरशातून बघत म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, भेटते." आणि गाड्याजवळ पोहोचतो न पोहोचतो तोच पोहेवाला ओरडला, "ओ काका! थैला तं घेऊन जा बापा!"

पिशवी त्याने गाड्याच्या वरच्या फळीवर, त्याच्या देवाच्या तसबिरीशेजारी ठेवली होती. "कोणाचं पाहावं म्हणून उघडलं, तं देवाधर्माचं पुस्तक दिसून राहिलं. मंग खाली कसं ठेवू?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याच्या हातात झारा होता, म्हणून नुसते हात जोडले.

गुरुजी अंगणात उन्हात बसले होते. अंगावर शाल, मांडीवर वाटी, वाटीत सोललेल्या संत्र्याच्या फोडी. फाटक वाजताच त्यांनी मान वर केली.

"आला का गा?"

"आलो, गुरुजी."

"पोहे खाऊन आला. वास येऊन राहिला."

मी पाया पडलो आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कव्हरावरून तळवा फिरवला, शिवण चाचपली, मग पुस्तक उघडून त्यात नाक खुपसलं. "हे माह्यं," एवढंच म्हणाले. माझ्याच्याने राहवेना.

"गुरुजी, माझ्या पुस्तकात मी तुमच्याबद्दल काहीतरी..."

"निद्रानाशावर खात्रीचा उपाय," गुरुजी शांतपणे म्हणाले. "वाचलं ना. तुह्या मावशीले मोठ्यानं वाचून दाखवलं. अशी हसली ती, अशी हसली, का दूध उतू गेलं."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो ना! दोन दिस तोंड फुगवून बसलो. मंग म्हटलं, पोट्टं खोटं तं नाही बोलून राहिलं. त्या दिसापासून प्रवचन वीस मिनिटांच्या वर जाऊ नाही दिलं. अख्खी मंडळी तुले आशीर्वाद देत असंल. अन् तू काहून आला नाही इतके वर्षं?"

"लाज वाटली."

"येडा आहेस," ते म्हणाले, आणि आत बघून ओरडले, "सुलभा, चहा मांड वं! आला तो येडा."

दुपारी सुलभाने कोथिंबीर ठासून भरलेली सांबारवडी आणि कढी वाढली. मी गेलो तेव्हा ती दोन वेण्यांची शाळकरी मुलगी होती. आता चष्मा, केसांत पांढरं, आणि चर्चच्या तरुण संघाची पुढारी. मावशींना जाऊन सहा वर्षं झाली होती. मला ते माहीत नव्हतं. कुणी कळवावं असं मी काय ठेवलं होतं? मी घास परत ताटात ठेवला. गुरुजींनी ते न दिसताही ओळखलं असावं. "खाय गा," म्हणाले, "तिचीच शिकवलेली वडी आहे."

रविवारी सकाळी चर्चमध्ये गेलो. गुरुजींचा हात माझ्या हातात होता. उपासना सुरू झाली, आणि समोर सुलभा गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून उभी! मागे ड्रम, बाजूला की-बोर्ड, चार-पाच पोरंपोरी. विलापाचं एक स्तोत्र त्यांनी धरलं. पहिल्या दोन ओळींतच माझ्या अंगावर काटा आला. हे कॉर्ड माझे होते. ई मायनर, सी, जी, डी. आणि मग एका जागी, जिथे उदास ए मायनर यायला हवा, तिथे नुसता, उजळ ए वाजला. ती माझी चूक होती. त्या काळी मी घाईत 'मायनर' लिहायचं विसरलो होतो! पण त्या चुकीच्या कॉर्डवर सगळी मंडळी आवाज उंचावून गात होती, आणि रडक्या घरात कुणीतरी खिडकी उघडावी तसं वाटत होतं.

"चुकलंय ते," मी गुरुजींच्या कानात म्हटलं. "तिथे मायनर हवा."

"चूप बस," गुरुजी म्हणाले. "इथं असंच गातात. सुलभा त्याच्यावरच तं गिटार शिकली."

मी चूप बसलो. मग गायलो. कितीतरी वर्षांनी मोकळ्या गळ्याने गायलो आणि डोळे पुसायचंही सुचलं नाही. ज्या माणसाला माझं संगीत सोसवत नव्हतं, त्यानेच ते इतकी वर्षं जपलं होतं.

दुपारची गाडी होती. निघण्याआधी सुलभाने दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. तीच मरून कव्हरं, दोन्ही सारखीच विटलेली. गुरुजी म्हणाले, "पहिलं पान वाच वं, दोन्हीचं. नाहीतर पुन्हा बदलायचं."

तिने त्यांचं पुस्तक उघडलं. गुरुजींचं लग्न, सुलभाचा जन्म, तिचा बाप्तिस्मा. मग ती थांबली. मला कानकोंडं झालं, कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं. तिने वाचलं, "शांतीचा जन्म."

"शांती कोण?" गुरुजींनी विचारलं.

"माझी मुलगी," मी म्हटलं. "ती झाली तेव्हा... हातात हेच पुस्तक होतं, गुरुजी. तुमच्या पानावर लिहायला नको होतं. माफ करा."

गुरुजींनी टेबलावर हात फिरवला. बोटाने दुसरं पुस्तक दाखवलं. सुलभाने माझं पुस्तक उघडलं, आणि आईचं अक्षर समोर आलं. किंचित तिरकं, वेलांट्या लांब ओढलेल्या. आई-दादांचं लग्न. माझा जन्म. माझा बाप्तिस्मा. आणि त्याखाली, ओळ सोडून वर-खाली गेलेल्या अक्षरांत, मावशींच्या मृत्यूची तारीख.

"तवा थोडं थोडं दिसत होतं मले," गुरुजी म्हणाले. "घरात दुसरी पुस्तकं होती. पण तुह्या आईच्या अक्षराखाली जागा होती. वाटलं, बाईमाणसाच्या सोबतीनं राहील."

मी गुरुजींचे हात धरून ढसाढसा रडलो. सुलभाही रडली. गुरुजी मात्र कामाला लागलेल्या मास्तरासारखे ताठ बसले. "आता ऐक. माह्यं पुस्तक माह्यापाशी राहील, तुह्यं तू ने. आईचं अक्षर आहे त्यात. पण एक काम कर. माही वेळ आली का सुलभा तुले फोन करंल. तवा तारीख तुह्या पुस्तकात लिहायची. तिच्या खाली. या पुस्तकात शांती राहू दे, त्या पुस्तकात आम्ही दोघं राहू. समजलं का?"

"समजलं, गुरुजी."

"अन् नीट अक्षरात लिही. समासात नको लिहू."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. सुलभाने दिलेली संत्री सोलली आणि बडनेरा आल्यावर पुस्तक उघडलं. आईचं अक्षर, गुरुजींचं अक्षर, आणि खाली एका ओळीची जागा. मला वाटलं होतं, मी एक उसनं पुस्तक परत करायला चाललोय.

आता घरी रोज सकाळी वाचायला बसलो की मी आधी पहिलं पान बघतो. सुलभाचा फोन आलेला नाही. ती ओळ अजून कोरी आहे. देवाचे उपकार.