मेणातले दात आणि मामाचा स्वेटर

गल्लीत बातमी अशी पसरली, की माझा मामा भर दुपारी पिऊन एटीएमच्या खोलीत पडला होता, अंगात स्वेटर होता, आणि स्वतःचे दात त्याने डब्यात काढून ठेवले होते. शिंपीणकाकूंनी तर दात मोजल्यासारखं सांगितलं.

स्वेटर खरा, एटीएम खरं, डबाही खरा. दात मात्र मामाचे नव्हते आणि मामा प्यायलाही नव्हता. त्याला एकशे दोन ताप होता. मामाच्या भाषेत याला 'जरा कणकण' म्हणतात.

मामा एका लॅबमध्ये कवळ्या पोचवायचं काम करतो. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून दवाखान्यात पाठवतात, पेशंटच्या तोंडात घालून चावा जुळतो का ते बघतात. उन्हाने मेण मऊ पडलं आणि एक दात जरी सरकला, तर माणूस हसतो एकीकडे आणि दात बघतात दुसरीकडे. गेल्या आठवड्यात मामा पेट्रोल पंपावर गप्पा मारत उभा राहिला आणि असे दोन संच वाया गेले. मालकांनी आवाज न चढवता सांगितलं, तिसरा बिघडला तर गाडीची किल्ली टेबलावर ठेवायची. त्यांचा मेव्हणा तसाही रिकामाच आहे.

त्या दिवशी मामीने सकाळीच थर्मामीटर लावला. मामा म्हणाला, हवाच एवढी तापलीय, त्याला बिचाऱ्याला काय कळणार. मामी म्हणाली, एक दिवस सुट्टी घे.

"मेव्हणा एका दिवसासाठी येऊन बसला, की रिटायर होऊनच उठेल," मामा म्हणाला.

मामीने चिडून बर्फाची पिशवी त्याच्या कपाळावर आपटली आणि कामाला गेली. ती पिशवी मामाने उचलून सोबत घेतली. लॅबमध्ये सकाळपासून वीज नव्हती, फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं. म्हणून कपाळाची पिशवी दातांच्या डब्यात गेली आणि कपाळ हेल्मेटमध्ये. थंडी वाजत होती म्हणून वरून लोकरीचा स्वेटर. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला त्याच्याकडे बघून स्वतःच घाम पुसत होता म्हणे. डब्यातले दात गप्प बसले होते, तोंडातले कडाकडा वाजत होते.

पुलावरून उतरताना त्याला रस्ता पाण्यासारखा हलताना दिसायला लागला. दुसरा कोणी सरळ पडला असता. मामाने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, मधल्या स्टँडवर लावली, हँडल लॉक केलं आणि समोरच्या एटीएममध्ये गेला. तिथे एसी होता. एसीच्या बरोबर खाली डबा ठेवला, आणि आपण डब्याची जागा अडवू नये म्हणून कोपऱ्यात पसरला. वॉचमनने विचारलं, काय झालं. मामाने डोळे न उघडता सांगितलं, दात वितळतायत. बातमीचा उगम हा.

वॉचमनने मामीला फोन केला, मामीने मला पिटाळलं. मी सायकलवरून पोचले. दवाखाना दोन गल्ल्या पुढे होता. मी म्हटलं, डबा मी नेते, तू झोप. तर हा डबा पोटाशी धरून बसला.

"मामा, अर्धा तास झालाय. दात कधीच हलले असतील. लाव पैज."

"कसली?"

"हलले असतील तर आठ दिवस अंथरुणातून उठायचं नाही."

"नसतील, तर महिनाभर माझी नक्कल बंद. मामीसमोरसुद्धा."

मी हो म्हटलं. मग तो गाडीवर बसला. इतका हळू चालवत होता, की त्याच्या मागे राहायला मला सायकलचे ब्रेक दाबावे लागत होते.

दवाखान्यात एक निवृत्त वकीलबाई बोळकं तोंड मिटून ताटकळत बसल्या होत्या. डॉक्टरबाईंनी डबा उघडला, वरचा संच बसवला, खालचा बसवला, मध्ये निळा कागद धरला आणि चावायला सांगितलं. मी मामाकडे बघत होते. तो जमिनीकडे बघत होता, ओठ हलत होते. कागदावर ठिपके उमटले, दोन्ही बाजूंना सारखे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "केसभरही हललेले नाहीत."

वकीलबाईंनी आरशात बघितलं, दोनदा चावून पाहिलं आणि स्पष्ट उच्चारात म्हणाल्या, "दात ठीक आहेत. हा माणूस बिघडलाय. त्याला माझ्या खुर्चीत झोपवा."

त्या उठल्या, मामा आडवा झाला. आता ताप एकशे तीन होता. डॉक्टरबाईंनी मालकांना फोन लावून कळवलं, की संच उत्तम आहे आणि तुमचा माणूस दोन दिवस येणार नाही, त्याच्या जागी कोणाला बसवलंत तर माझी कामं दुसऱ्या लॅबला जातील. मालकांनी एकच विचारलं: गाडी सावलीत लावलीय ना?

मामाने खुर्चीतून एक बोट वर केलं. एक महिना, एवढाच त्याचा अर्थ. मी मान हलवली. नक्कल करायची नाही असं ठरलं होतं. लिहायचं नाही असं कोणी म्हणालं नव्हतं.