हल्दवानीची लोकर

माझी थोरली चुलती धोंडुबाई हिला आम्ही सगळी पोरं नानी म्हणायचो. आटपाडीच्या माळावर आमची धनगरांची वस्ती. दुपारी लिंबाखाली पाय पसरून नानी लोकर कातत बसायची आणि आम्ही भोवती बसलो की हल्दवानीचं सांगायची. आमच्या वस्तीवरच्या बायकांनी तेव्हा फार तर पंढरपूर नाहीतर सांगली बघितलेली. नानी मात्र पार हिमालयाच्या पायथ्याशी एक हिवाळा काढून आली होती.

ती तिकडे गेली ती काही हौसेनं नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं संपली. काही उपाशी मेली, उरलेली मिळेल त्या भावात गेली. नानीला मूलबाळ नव्हतं. पोटच्यासारखा तो कळप तिनं सांभाळलेला. शेवटची मेंढरं व्यापाऱ्याच्या ट्रकात चढली तेव्हा ती रडली नाही. घरात आली, टकळी आढ्याला खोचली आणि त्या दिवसापासून बोलायचीच थांबली. काही विचारलं तर व्हय किंवा न्हाई. एवढंच.

माझे चुलते बिराप्पा, आमचे तात्या, लष्करात ट्रक चालवायचे. त्यांची बदली हल्दवानीला झालेली. दिवाळीच्या सुट्टीला ते घरी आले आणि नानीची अवस्था बघून माझ्या आजीला म्हणाले, "आये, हिला मी संगं नेतो. औंदा क्वार्टर मिळालंय."

आजी म्हणाली, "ने बाबा. हितं ठिवलीस तर ही अशीच झिजंल."

मिरजेहून पुणं, पुण्याहून आग्रा, आणि तिथून छोट्या रुळाच्या गाडीनं हल्दवानी. शेवटच्या दिवशी सकाळी तात्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं. समोर निळ्या डोंगरांची भिंत उभी. नानीनं विचारलं, "आवं, ह्येच्या पल्याड काय हाय?"

"आनिक डोंगर."

"आनि त्येच्या पल्याड?"

"बरफाचं डोंगर."

नानीनं मान हलवली. पण बऱ्याच महिन्यांनी तिनं आपणहून काही विचारलं म्हणून तात्यांना बरं वाटलं.

क्वार्टर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. शेजारी सगळ्या पंजाबी, मद्रासी, गढवाली बायका. नानीला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. तात्या ट्रक घेऊन वर डोंगरात गेले की दोन-दोन दिवस यायचे नाहीत. ती दार लावून आत बसायची. तात्यांना वाटायला लागलं, हिला इथं आणून आपण चूकच केली.

मग एका मंगळवारी ते तिला बाजाराला घेऊन गेले. हल्दवानीचा बाजार म्हणजे, नानी सांगायची, "आपल्या जत्रंवानी, पर रोजचीच जत्रा." डोंगरातला सगळा माल इथं उतरायचा आणि खालच्या सपाटीवरचा सगळा माल इथून वर चढायचा. बटाट्याची पोती, आल्याचे ढीग, करंड्या भरभरून संत्री. घुंगरं वाजवत चाललेली खेचरं. गुळाच्या वासात ओल्या लाकडाचा वास मिसळलेला. हमाल पाठीवरचं ओझं कपाळाला पट्टा लावून तोलायचे. नानीला ते बघून नवल वाटायचं, कारण आपल्याकडं ओझं डोईवर.

तात्यांना रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं होतं. "हितंच थांब, हलू नगंस," असं बजावून ते गेले. नानी एका दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. आणि तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला.

मेंढरांचा आवाज.

बाजाराच्या गर्दीतून शेळ्यामेंढ्यांचा एक कळप चालला होता. दाट, लांब लोकरीची मेंढरं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना छोट्या पिशव्या बांधलेल्या. "मेंढरावर वझं!" हे सांगताना नानीचे डोळे अजून मोठे व्हायचे. ती पायरी उतरली आणि कळपामागं चालायला लागली. आपण कुठं चाललोय, नवरा कुठं राहिला, कशाचंच भान तिला राहिलं नाही. बाजार मागं पडला, घरं संपली, नदीकाठची मोकळी जागा आली. तिथं राहुट्या होत्या. कळप तिथं थांबला आणि नानीही थांबली. मग तिनं मागं वळून बघितलं, आणि वाट सापडेना.

एका राहुटीसमोर एक बाई लोकर कातत बसली होती. गोरी, सुरकुतलेली, बारीक डोळ्यांची, काळा लोकरी घागरा नेसलेली. नाव जसुली. ही भोटिया माणसं. उन्हाळ्यात बर्फाच्या डोंगरात राहायची आणि हिवाळ्यात कळप घेऊन खाली उतरायची. अर्थात हे सगळं नानीला पुढं कळलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं, की बाईच्या हातात टकळी आहे.

जसुलीनं तिला निरखलं. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, घाबरलेला चेहरा. ती म्हणाली, "बैठ, भुली."

नानीला वाटलं, ही आपल्याला भुलली म्हणतेय. म्हणजे चुकलेली. तिनं मान हलवली. "व्हय बाई, भुललीच म्या."

आणि ती बसली. जसुलीनं पितळी पेल्यात मीठ घातलेला चहा दिला. नानीला तो मुळीच आवडला नाही, तरी तिनं संपवला. मग बराच वेळ ती जसुलीच्या हाताकडं बघत राहिली. जसुलीच्या ते ध्यानात आलं असावं. तिनं दुसरी टकळी आणि लोकरीचा एक गोळा नानीपुढं सरकवला.

नानी सांगायची, "पयल्यांदा बोटानं कुस्करून बगितली गं. लोकर लय मऊ, लोन्यावानी. आपली कशी राकट आसती. धागा दोनदा तुटला. मंग बसला."

ती कातत राहिली. ऊन कलायला लागलं तेव्हा तात्या आले. सगळा बाजार पालथा घालून, स्टेशनावर जाऊन, शेवटी एका हमालानं सांगितलं म्हणून नदीकडं आलेले. रागानं लाल झाले होते. काहीतरी बोलणार, तर नानीच म्हणाली, "आवं, हिकडं या. ही लोकर बगा की जरा. हात तरी लावा."

तात्या तिथंच बसले. त्यांनी लोकरीला हात लावला. वर्षानंतर बायको आपल्याशी हौसेनं बोलत होती. राग कुठल्या कुठं गेला.

त्यांनीच मग हिंदीतून जसुलीची विचारपूस केली. तिची माणसं पूर्वी मेंढरांवर धान्य लादून पलीकडं तिबेटात जायची, मीठ आणि लोकर घेऊन यायची. चीनशी लढाई झाली आणि वाट बंद झाली. मोठे कळप होते, ते थोडक्यावर आले. तात्यांनी हे मराठीतून सांगितलं तेव्हा नानी जसुलीकडं वळली. मग म्हणाली, "आमची बी ग्येली म्हनावं. पान्यावाचून." तात्यांनी ते हिंदीत सांगितलं. जसुलीनं नानीचा हात धरला. निघताना तात्यांनी भुलीचा अर्थ विचारून घेतला. त्यांच्यात धाकट्या बहिणीला भुली म्हणतात.

त्या हिवाळ्यात नानी क्वार्टरात अशी बसलीच नाही. सकाळची भाकरी झाली की नदीकाठी. दोघींना एकमेकींची भाषा कधीच आली नाही. जसुलीनं तिला जाड, केसाळ कांबळी विणायला दाखवली, तिकडं तिला थुलमा म्हणतात. नानीनं घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ कशी करतात ते सांगायचा प्रयत्न केला, पण तिथं चिंचोके मिळेनात. मग तिनं तिला ज्वारीची भाकरी खाऊ घालायचं ठरवलं. ज्वारीही मिळेना, तेव्हा बाजरीची केली. जसुलीनं एक घास खाल्ला आणि हसत उरलेली कुत्र्याला दिली. नानीला राग आला नाही. मीठ घातलेल्या चहाची फिटंफाट झाली, असं ती म्हणायची.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. भोटियांनी राहुट्या आवरल्या. निघायच्या सकाळी एक मेंढी अडली. कोकरू आडवं आलेलं. जसुलीचा नवरा आजारी, आणि तिचा स्वतःचा हात आदल्या दिवशी राहुटी आवरताना मुरगळलेला. नानीनं बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, हाताला तेल लावलं आणि तो आत घातला. ती मेंढीशी मराठीत बोलत होती, "थांब गं माजी बाय, थांब, झालं." हळूहळू तिनं कोकरू वळवलं. पांढरं कोकरू बाहेर आलं, नाकातोंडातलं पुसल्यावर शिंकलं आणि धडपडत उभं राहिलं.

जसुलीनं ते उचललं आणि नानीच्या पदरात घातलं. ठेव म्हणाली. नानीनं निरोपाला ट्रक घेऊन आलेल्या तात्यांकडं बघितलं. तात्या मान खाली घालून म्हणाले, "क्वार्टरात न्हाई ठिवता येत गं. आनि आई सोडून जगायचं कसं त्ये?"

दुष्काळात न रडलेली नानी तेव्हा रडली. कोकरू पोटाशी धरून हमसून हमसून रडली. मग तिनं ते मेंढीपाशी सोडलं. कळप डोंगराच्या वाटेला लागला तशी तीही चालायला लागली आणि काठगोदामच्या चढापर्यंत त्यांच्यासोबत गेली. तिथं जसुलीनं तिच्या गालाला गाल लावला. मेंढरं वळणाआड गेली. मागोमाग आलेले तात्या ट्रकाच्या कडेला उभे होते. नानी आपणहून मागं वळल्यावरच त्यांनी ट्रकाचं दार उघडलं.

उन्हाळ्यातच तात्यांची बदली झाली आणि नानी गावी आली. ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच तिनं माझ्या आजोबांना, म्हणजे आपल्या सासऱ्यांना, सांगितलं, "मामा, मला मेंढरं पायजेत."

आजोबा म्हणाले, "पुन्ना दुस्काळ पडला तर?"

"पडू द्या. तवाचं तवा बगू."

तिच्या भावानं, सिद्धूमामानं, चार मेंढ्या दिल्या. आमच्या आठवणीतली नानी ती त्या मेंढ्यांच्या मागं माळावर फिरणारी, मोठ्यानं हाका मारणारी, भांडणारी, आम्हाला शिव्या घालून वर दुधाचा चहा पाजणारी. न बोलणारी नानी आम्ही कधी पाहिलीच नाही. ती आम्हाला मोठ्या माणसांकडून कळली.

एकोणऐंशी साली तात्या पेन्शनवर आले. एकदा हौसेनं म्हणाले, "चल, हल्दवानीला जाऊन येऊ. तुजी ती भैन हाय का बगू."

नानी टोपलीत कोकरं मोजत होती. वर न बघताच म्हणाली, "आता कसं जाता यील? आवं, सा मेंढ्या गाभन हायत. पुढल्या साली जाऊ."

पुढल्या सालीही मेंढ्या गाभण होत्या. ते जाणं राहिलं ते राहिलंच.