नकाशात न बसलेली वाडी

मला तिचा हेवा वाटायचा, आणि तोही एका डोंगरावरून. ती माझ्याबरोबर काम करायची. मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन मनवेलपाड्यात भाड्याच्या खोलीत आलेली. खिडकी उघडली की तिला तुंगारेश्वरच्या बाजूचा डोंगर दिसायचा. इथे येऊन तिला धड दोन पावसाळे झाले नव्हते, पण बोलताना सरळ म्हणायची, ‘आमचा डोंगर.’ आमच्या पिढ्या नंदाखालच्या वाडीत गेल्या, तरी ‘आमचं’ म्हणताना माझी जीभ इतकी सैल सुटत नसे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसई गावात, कोर्टाच्या मागच्या एका खोलीत, आम्ही दोघी एका छोट्या संस्थेसाठी नकाशा करत होतो. तालुक्यात मोठं, सलग, न तुटलेलं रान कुठे उरलंय ते शोधून रंगवायचं. इमारती आणि रस्ते कुठे होऊ देऊ नयेत हे सांगायला तोच नकाशा सरकारी साहेबांपुढे जाणार होता. रंगात जे येईल त्याला निदान कुणी वाली मिळेल, बाकीच्याला नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून नंदाखाल, आगाशी, निर्मळ हा आमचा बागायती वाड्यांचा पट्टा मला त्यात हवाच होता.

उपग्रहाचं चित्र पहिल्यांदा टेबलावर पसरलं तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. त्या चित्रांत झाडोरा हिरवा नव्हे, लाल दिसतो. चित्र उन्हाळ्यातलं. तिच्या डोंगरावरच्या झाडांची पानं गळलेली, त्यामुळे तो सगळा मळकट, विटकरी. आणि आमचा पट्टा? केळी, नारळ, पानवेली, नुसता लालभडक! ‘बघ,’ मी तिला म्हटलं, ‘कुणाकडे काय आहे ते.’ ती हसली. तिच्या हसण्यात काही खोट नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पण नियम वेगळाच निघाला. संस्थेच्या सरांनी सांगितलं, आधी रस्ते काढा. जिथून रिक्षा जाऊ शकते तो रस्ता. प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही अंगांची पट्टी खोडा. मग जे एकसंध उरेल तेच आपलं. तिच्या डोंगरावर खोडायला फारसं काही नव्हतंच. तिनं ट्रेसिंगच्या कागदावर एक मोठी रेघ सलग फिरवून आणली आणि चहा करायला उठली. मी आमचा पट्टा खोडत बसले. गल्ली खोडली, आळी खोडली, देवळाकडचा रस्ता, चर्चकडचा रस्ता. दुपारपर्यंत माझ्या हाती पावाचा चुरा सांडावा तसे ठिपके उरले.

मी भांडले. म्हटलं, कागदावरच्या निम्म्या वाटा नुसत्या पायवाटा आहेत, रिक्षा सोडा, दोन माणसं शेजारून जात नाहीत. आमच्या वाडीत उदमांजरं आहेत, बावखलावर, वाडीतल्या त्या तळ्यावर, रोज खंड्या बसतो, हे काय रान नाही? सर म्हणाले, ‘मग जाऊन बघून या दोघी.’ आमच्या घराभोवतीच्या वाड्यांचा एक बऱ्यापैकी तुकडा उरत होता. त्यातल्या वाटा अरुंद ठरल्या तर तो बसला असता. माझी सगळी मदार त्याच्यावर होती.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडून आम्ही चालत निघालो. मी तिला मुद्दाम कुंपणाकडेच्या वाटांनी नेलं. केळीची पानं तोंडावर येत होती, आणि ती दर वळणावर ‘अगं, काय सुंदर गं!’ करत होती. वहीत तिनं ‘पायवाट’ असं लिहिलं, तेही मी मान वाकडी करून पाहिलं. जिंकलेच होते मी.

घरी बाबा ओट्यावर बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. माझ्या मैत्रिणी काही रोज येत नसत. तिला बसवलं, शहाळं फोडून दिलं, आत जाऊन सुकेळ्यांचं, वाळवलेल्या गोड केळ्यांचं, अख्खं पुडकं आणून तिच्या हातात ठेवलं. मला मागूनही त्यातलं एखादंच मिळायचं. ‘काका, किती शांत आहे इथं,’ ती म्हणाली. त्यावर बाबा उठलेच.

‘शांत हाय, पन मागं नाय राहिलो आमी. ये, दाखवतो.’ ते तिला मागच्या अंगाला घेऊन गेले. ‘हितं माझ्या हातानं कुंपन तोडलं. आता टेंपो रस्त्यावरून थेट अंगनात येतो. केळीचे घड डोक्यावर वाहायला नको. मी रस्ता केला म्हनून शेजाऱ्यांनी पन केला. पार त्या टोकापर्यंत!’

ही वाट टाळूनच मी तिला आणलं होतं, हे तिच्या लक्षात आलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग वही पिशवीत टाकली. तिनं ते लिहिलं नाही, म्हणजे माझ्यावर दयाच केली. दुसऱ्या दिवशी टेंपोच्या रस्त्याची रेघ मलाच ओढावी लागली, आणि आमचा तुकडा खोडला गेला.

नकाशा छापून आला तेव्हा तिचा डोंगर गर्द हिरव्या शाईत, अखंड. सगळे तिची पाठ थोपटत होते. मी हसून अभिनंदन केलं आणि आतून जळत राहिले.

एक प्रत घरी नेली. बाबांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला.

‘आपन कुठं?’

मी किनाऱ्यालगतच्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. त्यात काहीच छापलेलं नव्हतं, गावाचं नावसुद्धा. नकाशा कशासाठी आहे ते त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

‘मी टेंपोला वाट केली नसती, तर आपन असतो यात?’

‘नाही बाबा. तेवढ्या तुकड्यानं काही झालं नसतं.’

माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं, त्यांना कुठून वाटणार? त्यांनी नकाशाची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता तो परत दिला. तिचे वडील तिकडे साताऱ्याकडे आपल्या दारात निवांत बसले असतील. लेकीला असं काही विचारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्या संध्याकाळी मला डोंगराचा नाही, तिच्या त्या वडिलांचा हेवा वाटला.