मामांनी झोपून पाहिलेली घरं

मी घर शुक्रवारी पाहिलं. शुक्रवारीच पसंत केलं आणि शुक्रवारीच डिपॉझिट देऊन मोकळा झालो. डोंबिवलीत मुरलेला कोणीही माणूस असं करणार नाही, पण मी साताऱ्याहून नवा आलेलो, आणि ज्यांनी मला यातून वाचवलं असतं त्या बायकोच्या मामांना मी मुद्दाम बरोबर नेलं नव्हतं. खरं सांगायचं तर घर पारखण्यात मामांच्या तोडीचा माणूस ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत दुसरा झाला नसेल.

मामा पोस्टातून निवृत्त झालेले, कोपरला राहायचे, आणि लोकांना घरं शोधून देणं हा त्यांचा बिनपगारी छंद होता. "घर डोळे उघडे ठेवून बघायचं नसतं, जावईबापू," ते म्हणायचे, "डोळे मिटून बघायचं." हे ते शब्दशः करायचे. काखेत चटई घेऊनच घर बघायला निघायचे. दलाल नळ सोडून दाखवायचा, खिडकी उघडून हवा दाखवायचा, आणि मामा तोवर मधल्या खोलीत चटई अंथरून, चष्मा उशाशी ठेवून आडवे झालेले असायचे. घटकाभराने उठून निकाल द्यायचे. कल्याणला बाजारपेठेतली एक ऐसपैस जागा त्यांनी नाकारली, कारण "झोप लागली, पण स्वप्नात कोणीतरी सारखं कांदे मोजत होतं." मी खाली डोकावून पाहिलं, तर खरोखरच कांद्याचं गोदाम. ठाण्याला तर ते इतके गाढ झोपले की मागून दुसरं गिऱ्हाईक आलं, तेव्हा दलालाने पंचाईत होऊन "हे जुने भाडेकरू, आज सोडतायत" असं सांगून टाकलं. त्या आवाजाने मामा अर्धवट जागे झाले आणि म्हणाले, "आम्ही कुठे सोडतोय? आत्ता तर डोळा लागलाय." गिऱ्हाईक जिन्यावरूनच परतलं.

आरंभी मला याची मजा वाटली. पण साताऱ्याला बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी बसलेली. तिने बजावलेलं, "घर मिळालं की येईन. दिवाळीपर्यंत नाही मिळालं, तर मी इथल्या शाळेत नोकरी धरते. मग तुम्ही खुशाल खानावळीत जेवत बसा." दिवाळी जवळ येत चाललेली, आणि मामा एकेका घरात झोपून उठत, डोळे चोळत, "गाढ नाही लागली" म्हणत चाललेले. मला रात्री स्वप्न पडायचं, त्यात मुलगी कॉलेजात जायची आणि मामा अजून चटई झटकत असायचे.

मी डोंबिवलीतल्याच एका केमिकलच्या कारखान्यात कारकून. कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून मलाही घरं बघायला वेळ शुक्रवारीच. हे दोन्ही शुक्रवार एकच आहेत, म्हणजे मी बघतो तेव्हा धुराडी बंदच असतात, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. त्या शुक्रवारी मामांना चुकवून मी एकटाच गेलो. तिसरा मजला, निळंशार आभाळ, दूर डोंगराची रेघ, वाऱ्याला गवताचा वास. खिडकीत उभं राहून मी तिथे बायकोची कुंडीसुद्धा ठेवली, मनातल्या मनात. तार करून तिला बोलावून घेतलं.

ती आली शनिवारी. रिक्षातून उतरताच तिने पदर नाकाला लावला. आभाळ पिवळट, शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजतोय, आणि वाऱ्याबरोबर असा दर्प की सडलेली अंडी बरी. मुलगी रडायला लागली. बायकोने सामान खाली ठेवलंच नाही. "परतीची गाडी किती वाजता आहे?" एवढंच तिने विचारलं.

मी धावत मामांकडे गेलो. त्यांच्या घरी जायची ती माझी पहिलीच वेळ. दोन खोल्या, त्यात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, शिलाई मशीन, पापडांची परात. पाय ठेवायला जागा नाही. मामा बाहेर पायरीवर बसलेले, चटई मांडीवर. "आमच्याकडे दुपारी आडवं होता येत नाही हो," ते हसून म्हणाले, आणि मग माझं सगळं ऐकून घेतल्यावर, "शुक्रवारी? अहो, शुक्रवारी डोंबिवली खोटं बोलते."

ते तडक निघाले. आधी बायकोला म्हणाले, "एक दुपार दे मला, पोरी." मग आम्हा सगळ्यांना घेऊन कोपरच्या गावठाणात, एका आगरी आजींच्या घरी गेले. मागच्या अंगाला एक खोली, एक स्वयंपाकघर, दारात शेवग्याचं झाड, खाडीचा वारा. मामांनी चटई टाकली. ऊन उतरलं, तरी उठेनात. आजी दोनदा डोकावून गेल्या. "ह्यो म्हातारा निजलाय का गेलाय?" त्यांनी मलाच विचारलं. बायको खुदकन हसली, आणि तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मुलगीही मामांच्या कुशीशी कधी झोपून गेली, कळलं नाही.

त्या घरात आम्ही बरीच वर्षं काढली. मामा अधूनमधून दुपारी यायचे. "भिंती कशा आहेत बघून जातो," म्हणायचे आणि चटई टाकायचे. बायको खिडकी लोटून घ्यायची, मुलगी पाटीवरची पेन्सिलसुद्धा हळू चालवायची. भिंती चांगल्याच होत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी शेवटी एकदा ते खूप उशिरा उठले. शेवग्याकडे बघत म्हणाले, "काय घर होतं हो स्वप्नात! एवढाले व्हरांडे. प्रत्येकाला खोली. मलासुद्धा."

"मी होतो का त्यात?" मी विचारलं.

"होतात ना," मामा चष्मा चढवत म्हणाले. "चुकीच्या मजल्यावर बेल वाजवत होतात."