फळी की कुबडी

"आधीं चालून पाहूं, मग बोलूं," असं म्हणत धोतराचा सोगा खोचून अण्णा बांधावर उतरत. पापनाशमच्या तालुका कचेरीत आम्ही दोघे मोजणीदार. ते वडीलधारे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणे. साखळी टाकण्याआधी अण्णा पावलांनी अंतर मोजत, आणि ते हातभरही चुकत नसे. मला हेवा वाटे, थोडा रागही येई.

आणि दुखणं आलं ते नेमकं पायालाच. गुडघ्याजवळ हाडात गाठ निघाली. मद्रासच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. मांडीतून पाय कापून लाकडी लावायचा, नाहीतर गाठीचं हाड काढून उरलेलं सांधायचं. दुसऱ्यात पाय राहील, पण गुडघा कधी वाकणार नाही. गाठही परत येऊ शकेल. "तुम्हीच ठरवा," म्हणून ते मोकळे झाले.

आता तुम्हीच सांगा, हे माणसानं ठरवायचं कसं?

दोन्ही उपाय आधी चालून पाहायला अण्णांनी मला बैलगाडीतून इन्नंबूरच्या भातशेतात नेलं. त्यांना पायावर भार द्यायला मनाई होती, म्हणून गुडघा ताठ राहील अशी फळी बांधली माझ्या पायाला. सरळ चाललो, पण वळताना पाय बाहेर फिरला आणि मी भातात बसलो. मग कापल्यासारखा पाय दुमडून बांधला, लाकडी पायाऐवजी काखेत कुबडी दिली. ती वीतभर चिखलात रुतली, मी पुन्हा आडवा.

"पात्तु, जपून, रायरे!" आम्हा मराठी लोकांना 'रायर' म्हणणारा शेताचा मालक पोट धरून हसत होता.

अण्णा हसले नाहीत. "सांग, कोणतें बरें?"

माझं डोकं चालेना. नाकातोंडात चिखल. म्हणालो, "फळी, अण्णा. निदान आपला पाय जमिनीला लागतो."

"सेरि, तसेंच करूं," ते म्हणाले.

गाठ परत येण्याची परीक्षा बांधावर कशी घ्यायची, हे दोघांनाही सुचलं नाही.

तीन वर्षं अण्णा ताठ पाय फेकत चालले, आणि खुशीत चालले. चौथ्या वर्षी गाठ उलटली. मग मांडीतून पाय कापला, पण दुखणं छातीत पोचलं होतं.

तेराव्यानंतर कुंभकोणमला त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कॉफी पुढे ठेवली.

"तेव्हांच कापलें असतें तर राहिले असते कां?" त्यांनी विचारलं. "पाय ठेवा म्हणून कोणी सांगितलें, किती विचारलें मी. शेवटपर्यंत नांव घेतलें नाहीं. तुम्हांला ठाऊक आहे?"

मी कॉफी संपवली. म्हणालो, "नाही, अक्का."