हळद लागलेलं कार्ड

सरांविषयी मी लिहावं, एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्यात कमीजास्त झालं तर वाचकांनी समजून घ्यावं. सर जाऊन महिना उलटला, पण गप्प बसवत नाही...

सर आमच्याच भागातले, आमच्या आसेगावकडच्या मालेगावचे. आमच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा नवा अभ्यासक्रम निघाला, तेव्हा एका कारखान्याच्या मागे लागून त्यांनी तिथला ट्रान्सफॉर्मर डिझाइनचा प्रोग्राम आम्हाला मिळवून दिला. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. त्याला आमच्या आकड्यांची कार्डं जोडायची आणि कारखान्याच्या कॉम्प्युटरवर चालवायचा. आमचं वर्षाचं काम त्यावरच अवलंबून होतं.

त्या दसऱ्याला मी आणि माझा वर्गमित्र शांतीलाल होस्टेलवरच होतो. त्याच्या वडिलांच्या दुकानात तराजूची पूजा होते, आमच्या आसेगावला औताची. आमचं अवजार आता हेच, असं म्हणून आम्ही गठ्ठ्यावर ओलं हळदकुंकू वाहिलं. वरची कार्डं फुगली, एकमेकांना चिकटली. कारखान्यात मशीन अडकलं. तिथले साहेब पिवळं कार्ड सगळ्यांना दाखवत म्हणाले, हे कॉलेज आहे की देऊळ? प्रोग्राम बंद करतो म्हणाले. मी खरं सांगायला उभा राहत होतो, पण सरांनी नजरेनेच खाली बसवलं.

"माझ्या सांगण्यावरून झालं," ते म्हणाले. "पोरांचं काम थांबवू नका."

सरांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्यांच्या घरात असली पूजा होत नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. प्रोग्राम राहिला, पण स्टाफरूममध्ये बाकीचे प्राध्यापक त्यांना आज आरती किती वाजता, असं विचारू लागले. मला लाजेने वर पाहवेना. एकदा गावाकडे येताना एसटीत मी म्हणालो, "सर, लोकायले खरं सांगू द्या ना."

"कायले? तुमी कामाले हात जोडले, चोरी नाही केली. आता कार्डं कोरडी ठेवा, म्हणजे झालं."

खराब कार्डं त्यांनी स्वतः बसून, भोकं पाडून नव्याने केली. पिवळं मात्र पुस्तकात खुणेला ठेवलं. तास सुरू झाला की ते बाहेर निघायचं आणि माझी मान खाली जायची...

उन्हाळ्याच्या सुट्टीत शांतीलाल अचानक आसेगावला आला. निकाल घेऊन आला असेल, म्हणून मी हसतच पुढे गेलो. त्याने पिशवीतून सरांचं पुस्तक काढलं. सरांच्या पत्नींनी आम्हा दोघांसाठी दिलं होतं. पिवळं कार्ड आम्हाला पुढे शिकवायच्या धड्यावर होतं.

"सर गेले रे," तो म्हणाला. "पंधरा दिवस झाले. तुले कोणीच नाही सांगतलं?"