बिल न वाढवणारा पंखा

"प्रशांत, मला विचारशील तर पंखा मावशींनीच बंद केला असणार," असं मी अगदी अनुभवी माणसाच्या सुरात म्हणालो आणि मागून आवाज आला, "मी काहून करीन जी?"

मावशी म्हणजे प्रशांतच्या आई. बेसमेंटच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्या चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला माझा कप दिला. चकल्यांची बशी मात्र माझ्यासमोरून नेऊन प्रशांतपुढे ठेवली. आरोप पोचला होता.

ही २००५ची गोष्ट. तेव्हा मी अमेरिकेत हर्नडन गावाच्या आसपासच्या घरांमध्ये रेडॉन काढायच्या सिस्टिम्स बसवायचो. लोकांना हे सांगितलं की ते आधी "रेडिओ?" असं विचारतात, म्हणून थोडं समजावून सांगतो. रेडॉन हा जमिनीतून येणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. बेसमेंटच्या फरशीखालून, फटींतून तो घरात शिरतो आणि साचतो. वर्षानुवर्षं असल्या हवेत राहिलं तर फुप्फुसांचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. टेस्टमध्ये आकडा चार किंवा त्याहून जास्त आला की उपाय करा, असं इथलं सरकार सांगतं. उपाय तसा साधा आहे. फरशीला भोक पाडायचं, त्यात पाइप बसवायचा, पाइप छतापर्यंत न्यायचा आणि वर एक पंखा लावायचा. फरशीखालची हवा पंखा ओढतो आणि छपरावर सोडून देतो. हा पंखा रात्रंदिवस, बारा महिने चालू ठेवायचा असतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

या धंद्यात मी आलो तो शेहेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी पुण्यात ब्लोअरच्या कारखान्यात होतो, मग इकडे येऊन सॉफ्टवेअरमध्ये. २००२मध्ये आमच्या कंपनीने एका शुक्रवारी निम्म्या लोकांना नोकरीवरून काढून सामानासाठी खोके दिले. कुंडी, फोटो आणि कपात घातलेला टीस्पून घेऊन मी घरी आलो. पाच महिने घरी बसल्यावर वॉल्ट भेटला. वॉल्टची कंपनी म्हणजे दोन व्हॅन आणि स्वतः वॉल्ट. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "पंखा कसा ओढतो ते तुला कळतं का?" मी म्हटलं, "मी पंखेच बनवायचो." तो म्हणाला, "मग सोमवारी ये." त्या सोमवारबद्दल मी आजही वॉल्टचं मनातल्या मनात भलं चिंततो.

प्रशांतचं घर हे मी एकट्याने केलेलं चौथं काम. प्रशांत नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, वय तेहेतीस. त्याने पहिल्याच दिवशी मला काका केलं आणि मी त्याच्या आईला मावशी. नात्यांचा मेळ बसत नव्हता, पण अमेरिकेत खपून जातं. त्या वेळी, म्हणजे २००३च्या हिवाळ्यात, त्याला आणि त्याच्या बायकोला, मेधाला, मुलगी झाली होती, अनू, आणि मावशी बाळंतपणासाठी आल्या होत्या, त्या पुढे तिथेच राहिल्या. त्यांची खोली बेसमेंटमध्ये. पाइप त्यांच्याच कपाटातून वर जायचा होता.

बसवायच्या किमतीबद्दल प्रशांत काही बोलला नाही. त्याची काळजी पुढची होती.

"काका, वन टाइम कॉस्ट ठीक आहे. पण रिकरिंग किती?"

मी सांगितलं. एक दिवा दिवसरात्र जळत ठेवावा तशी वीज. पंखा घरातली थोडी गरम हवाही ओढून नेतो, म्हणून हिवाळ्यात हीटिंगचं बिल जरासं वाढतं. काही वर्षांनी पंख्याचं बेअरिंग जातं, तेव्हा पंखा बदलायचा. आणि दर दोन वर्षांनी टेस्ट करायची. प्रशांतने लगेच लॅपटॉपवर एक्सेल उघडून पुढच्या वीस वर्षांचा तक्ता केला. मी जरा घाबरलोच. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून वर म्हणालो, "अरे, तुला जाणवणारसुद्धा नाही."

काम झालं. पंखा चालू केल्यावर दोन दिवसांची टेस्ट ठेवली. ती एका गोल डबीत असते. दोन दिवसांनी मी डबी न्यायला गेलो आणि ती लॅबला पाठवली. आकडा दीडच्या खाली आला. वॉल्टने पाठीवर थाप मारली. मी विसरून गेलो.

आणि आता दीड-दोन वर्षांनी प्रशांतचा फोन. त्याला नॉर्थ कॅरोलायनात नोकरी मिळाली होती, घर विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक मिळालं होतं. त्या गिऱ्हाइकाने रेडॉनची टेस्ट केली आणि आकडा आला नऊ. दोन आठवड्यांत घराचे कागद व्हायचे होते. हे गिऱ्हाईक गेलं तर तिकडचं घरही जाणार होतं. "काका, ही सिस्टिम फेल आहे," प्रशांत म्हणाला. वॉल्टने मला पाठवलं, "तुझं काम आहे, तू बघ."

मी आधी मावशींच्या खोलीतलं कपाट उघडलं. पाइपवर एक यू आकाराची काचेची नळी असते, तिच्यात लाल पाणी असतं. पंखा ओढत असेल तर एका बाजूचं पाणी वर चढतं आणि दुसऱ्या बाजूचं खाली जातं. इथे दोन्ही बाजू अगदी एका रेषेत होत्या. म्हणजे पंखा बंद.

"पण काका, मी दर महिन्याला चेक केलंय," प्रशांत म्हणाला. "दोन्ही लेव्हल्स सेम. बॅलन्स्ड. मी शीटमध्ये ओके लिहिलंय."

नळीशेजारचा सूचनांचा स्टिकर सूटकेसमागे दडला होता. आणि ती कशी वाचायची हे मी त्याला तोंडाने कधी सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं, की सांगायची गरजच वाटली नाही.

मग गॅरेजमध्ये गेलो. पंख्याचं बटण खाली होतं, आणि अमेरिकेत खाली म्हणजे बंद. वर केलं, पाइपमधून हवेचा सुस्कारा आला, नळीतलं पाणी सरकलं. सिस्टिम ठणठणीत होती, फक्त कोणीतरी बंद केली होती. आपल्याकडची वडीलधारी माणसं खोलीतून बाहेर पडताना सगळी बटणं बंद करतात, म्हणून मी मावशींचं नाव घेतलं. आणि मावशी नेमक्या मागे उभ्या.

"मी त्या गॅरेजमध्ये जातच नाही," त्या ट्रे ठेवून खाली बसल्या. "तिथे किती थंडी! आणि तुम्ही मला बोलून राहिले? मला तर तो आवाज आवडत होता. रात्रभर घूं घूं. नागपूरला आमच्या कूलरचा असतो तसा. बंद झाला तर मला दोन दिवस झोप नाही लागली."

"कधी बंद झाला, आई?" प्रशांतने विचारलं.

"हे विनायकराव ती गोल डबी न्यायला आले होते ना, त्याच दिवशी. मी त्यांना चिवडा दिला डब्यात भरून. ते वर गेले, आवाज बंद झाला, मग त्यांची गाडी गेली. मला वाटलं, झालं काम. डबी नेली, मशीन बंद केली."

चिवड्याचा डबा मला आठवला. दाण्यांचा, लसूण घातलेला. एका हातात तो डबा, काखेत टेस्टची डबी, आणि मी गॅरेजमधून बाहेर पडत होतो. दाराशी एकाच पट्टीवर दोन बटणं होती, एक दिव्याचं, एक पंख्याचं. ती शेजारी शेजारी मीच बसवली होती. वॉल्ट म्हणायचा पंख्याचं बटण वर माळ्यावर पंख्याजवळ लाव, पण मला वाटलं, गिऱ्हाइकाची सोय. आणि जाताना, चाळीस वर्षांच्या सवयीने, मोकळ्या हाताच्या दोन बोटांनी मी दोन्ही बटणं एकदम बंद केली होती. माझे वडील घरातून निघताना तेच करायचे. बाहेर पडताना मागे काही चालू ठेवायचं नाही.

"प्रशांत," मी विचारलं, "बिल किती वाढलं होतं रे?"

"काहीच नाही! मी मेधाला सांगितलंसुद्धा, काकांचा एस्टिमेट फारच पेसिमिस्टिक निघाला."

मी "एक मिनिट" म्हणून बाहेर व्हॅनमध्ये गेलो आणि वॉल्टला फोन केला. सगळं सांगितलं.

"पंखा आता चालू आहे?"

"आहे."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही, आधी तुला सांगितलं."

"उलटं केलंस. फोन ठेव आणि आत जा."

मी आत गेलो, सगळं सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. घर विकलं न जाण्याची भीती प्रशांतच्या चेहऱ्यावर सकाळपासून होती, पण आता तो घराबद्दल बोललाच नाही. तो म्हणाला, "अनू इथे खाली माझ्या आईजवळ झोपायची, काका."

मी त्याला खरं ते सांगितलं. हा धोका वर्षानुवर्षांचा असतो, दीड-दोन वर्षांत लगेच काही होत नाही, तरी डॉक्टरांना विचारून घे. हे सांगताना माझाच आवाज मला आवडत नव्हता. कोणाच्या घरात उभं राहून, त्यांचा चहा पिऊन, हे सांगायची वेळ माझ्यावर याआधी कधी आली नव्हती. नोकरी जाईल हे डोक्यात होतंच, पण ते जरा मागच्या रांगेत होतं.

प्रशांतने लॅपटॉप उघडला. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'मीटर चेक' या कॉलमात दर महिन्याला ओके, ओके, ओके.

"हे सगळं मी लिहिलंय," तो म्हणाला. "तुम्ही एकदाच बंद केलात. मी दर महिन्याला बघून ओके म्हणत होतो."

"मीटर कसं बघायचं ते सांगणं माझं काम होतं."

"होतंच," तो म्हणाला. तेवढं त्याने सोडलं नाही आणि ते बरोबरच होतं.

मावशी उठल्या. "आता दोघं रडून राहिले का? मशीन चालू झाली ना? मग पुढचं बघा." आणि चकल्यांची बशी उचलून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. अमेरिकेत मला बरीच प्रशस्तिपत्रकं मिळाली आहेत. त्या बशीइतकं एकही मनापासून घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉल्ट स्वतः आला. साठीचा माणूस माळ्यावर चढला, त्याने बटण पंख्याजवळ नेलं आणि खाली येऊन मावशींशी हात मिळवला. नवी टेस्ट त्याने स्वतःच्या खर्चाने करून दिली. दोन दिवस मी फोनच्या आसपास घिरट्या घालत होतो. आकडा पुन्हा दीडच्या आत आला. विकत घेणाऱ्याने कागदावर सह्या केल्या आणि प्रशांतची मंडळी ठरल्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाला गेली. डॉक्टरांनीही काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. अनूचा फोटो आम्हाला दर दिवाळीला येतो.

वॉल्टने मला काढलं नाही. का नाही, हे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ही चूक पुन्हा न करणारा माणूस मला नवा शोधावा लागेल. तू तर तयार आहेस." मात्र त्याने माझं गिऱ्हाइकाशी बोलणं बदलून टाकलं. तेव्हापासून मी सुरुवातच खर्चापासून करतो. वीज इतकी, हीटिंग इतकं, पंखा अमुक वर्षांनी बदलायचा, टेस्ट दर दोन वर्षांनी. मग नळीसमोर उभं करून पाणी दाखवतो. आणि शेवटी सांगतो, पहिल्या महिन्यात बिल जराही वाढलं नाही तर खूश होऊ नका, मला फोन करा. ज्या पंख्याला काहीच खर्च येत नाही, तो काही करतच नाही.

ज्या दिवशी टेस्टचा आकडा आला, त्या संध्याकाळी मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बटणं, चिवडा, वॉल्ट, मी कशी हात जोडून माफी मागितली ते. ती ओट्याशी भाजी चिरत शांतपणे ऐकत होती. सांगून झाल्यावर मोकळं वाटलं. मी उठलो आणि हॉलकडे निघालो.

मागून अंधारातून तिचा आवाज आला. "अहो, बावीस वर्षं मी स्वयंपाकघरात उभी असताना तुम्ही माझ्या डोक्यावरचा दिवा बंद करून जाता. आणि सॉरी म्हणायला मात्र प्रशांतकडे गेलात."